दुधी काचेचा हंगाम

दिवाळी सरून आठ-दहा दिवस झाले की उचगावात शिरताना एका वळणावर वास लागतो. कॉलेज सुटल्यावर मी गाडीवरून घरी येते तेव्हा ऊन कलंडलेलं असतं, स्वेटर घालावा की नको अशी हवा असते, आणि हेल्मेटच्या काचेखालून तो वास आत शिरतो. उकळत्या उसाच्या रसाचा, चुलीत जळणाऱ्या चिपाडांचा, थोडा करपट आणि खूपसा गोड. गुऱ्हाळ लागलं, असं मनात म्हणेपर्यंत वळण मागं पडलेलं असतं. यंदा तो परवा आला. लहानपणी या वासानं तोंडाला पाणी सुटायचं. आता माझ्या बोटांच्या टोकांना खरखर जाणवते, मुठीत बारीक रेती धरल्यासारखी.

दोन वर्षांपूर्वीचा गुऱ्हाळाचा अख्खा हंगाम मी काच घासण्यात घालवला.

माझ्या वडिलांकडे, आबांकडे, सागवानी लाकडाचा एक मोठा कॅमेरा आहे. तिकाटण्यावर उभा केला की माझ्या छातीपर्यंत येतो. पुढं पितळी कड्यातलं भिंग, मधे घड्या पडणारा कातडी भाता आणि पाठीमागं दुधी काच. समोर जे असेल ते भिंगातून येऊन या काचेवर उलटं उमटतं, माणसांचे पाय वर आणि डोकी खाली. फोटो काढणारा डोक्यावरून काळं कापड घेऊन ते चित्र बघतो आणि भिंग मागंपुढं करून रेखीव करतो. मग भिंगावर टोपी घालून काचेच्या जागी फिल्मची पेटी सरकवतो, टोपी काढतो, मनात आकडे मोजतो आणि टोपी परत लावतो. ती काच नसेल तर कॅमेरा आंधळा असतो. काय येतंय, कुठं येतंय, रेखीव येतंय की नाही, काहीच कळत नाही.

हा कॅमेरा आबांना कोल्हापुरातल्या एका स्टुडिओच्या मालकांनी दिला. आबा तिथं पोरवयात झाडायला लागले आणि पंचविशीत फोटो धुवायला, काढायला शिकून बाहेर पडले. मालकांनी नव्या पद्धतीचे कॅमेरे घेतले तेव्हा हा जुना आबांना दिला. आबांनी तो सायकलच्या कॅरियरला बांधून उचगावात आणला आणि विहाराशेजारी एका खोलीत स्वतःचा स्टुडिओ काढला. आमच्या वस्तीत तेव्हा कुणाच्याच घरात आजोबा-पणजोबांचा फोटो नव्हता. माणूस गेला की चेहरा गेला. आबांनी ठरवलं की वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक तरी फोटो व्हायला हवा. ते दारोदार गेले. पुष्कळ बायका म्हणायच्या, माझं काय बघायचं हाय, राहू दे. आबा म्हणायचे, तुमच्या नातवाला बघायचं हाय, बसा. आजही वस्तीत कुठल्याही घरी गेलं तरी भिंतीवर एक काळापांढरा चेहरा असतो. सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी इतका स्वच्छ. पाहुणे विचारतात, हे कोण? घरचे नाव सांगतात आणि मागाहून सांगतात, फोटो स्टुडिओतल्या आबांनी काढलेला हाय. मी शाळेत असल्यापासून हे वाक्य ऐकत आले आहे आणि दर वेळी ताठ होऊन बसले आहे.

कॅमेऱ्याची ती काच माझ्या हातून फुटली.

रस्ता रुंद होणार म्हणून स्टुडिओची खोली सोडावी लागली. सामान घरी हलवताना मी कॅमेरा जुन्या सतरंजीत गुंडाळून टेम्पोत ठेवला आणि वर तिकाटणं ठेवलं. घरी येऊन सतरंजी सोडली तेव्हा काचेचे तीन तुकडे झाले होते. मी ते ओंजळीत घेऊन आबांसमोर उभी राहिले. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एक तुकडा उजेडाला धरून बघितला आणि म्हणाले, "असू दे. आता फोटो कुणाचा काढायचा राहिलाय?"

रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं कमी होत जातं आणि शेवटी नळीतून बघावं तेवढंच समोरचं उरतं. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, थेंब घालून उरलेलं राखायचं. आबांनी मान डोलावली. घरी येताना दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा धडकला आणि ते चौकटीलाच म्हणाले, "माफ करा पावणं." आई हसली. मला हसता आलं नाही.

मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. पोरांना लोलक, भिंगं, तारा काढून द्यायच्या, तास संपला की मोजून कपाटात ठेवायच्या. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेली उपकरणं पुसते आहे. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट आवरताना प्रकाशाच्या प्रयोगातला एक लहानसा पडदा हातात आला. दुधी काचेचा चौकोन, तळहाताएवढा. टेबलावर भिंग होतं. मी सहज पडदा त्याच्यामागं धरला आणि खिडकी त्यावर उलटी उमटली, गजांसकट, बाहेरच्या नारळासकट. मी किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. आमच्या सरांनी दारातून विचारलं, "काय सुजाता, नवीन प्रयोग?" मी विचारलं, सर, अशी काच कशी बनवतात? ते म्हणाले, "साधी काच असते. खरखरीत पूड घालून घासायची. बस."

त्या 'बस'मध्ये पुढचे अडीच महिने होते.

विकत मिळते का ते आधी बघितलं. आबांच्या कॅमेऱ्याचं माप साडेसहा बाय साडेआठ इंच. त्या मापाची कुठंच मिळाली नाही. दाराखिडक्यांना लावतात ती दुधी काच एका दुकानातून आणून लावून बघितली. तिच्यावर चित्र धुक्यात बुडाल्यासारखं दिसलं, नाक कुठं आणि डोळा कुठं कळेना. मग मी रशीदभाईंकडे गेले. त्यांचं फोटोला चौकटी करायचं दुकान आहे आणि वस्तीतल्या भिंतींवरचे आबांचे फोटो बहुतेक त्यांच्याच चौकटींत आहेत. मी काय करणार ते सांगितल्यावर त्यांनी काच कापायची हिऱ्याची लेखणी कानामागं अडकवली.

"आबांस्नी ठाऊक हाय?"

"नाही. जमलं तर सांगीन."

"मग सहा घेऊन जा. एकात जमायचं न्हाई." त्यांनी दोन मिलिमीटर जाडीच्या सहा काचा मापात कापून दिल्या आणि घासायला वरून धरायची म्हणून एक लहान जाड काच दिली. कडा दगडावर मारून बोथट करून दिल्या. "कडेची कपची निघाली की ती मधे येती आणि सगळ्या कामाचा सत्यानाश करती," म्हणाले.

कोल्हापुरात कसलीही खरखरीत पूड मिळते. इंजिनांचे आणि ओतकामाचे कारखाने आहेत, तिथं व्हॉल्व्ह घासायला लागते ती काळी पूड हार्डवेअरच्या दुकानात डब्यांत भरून ठेवलेली असते. दुकानदारानं विचारलं, कुठलं इंजिन हाय? मी म्हटलं, इंजिन नाही, काच आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तीन नंबरांची पूड दिली. एक जाड, एक मध्यम, एक पिठासारखी.

सुरुवातीला मी प्रयोगशाळेतच, तास संपल्यावर, हात धुवायच्या कट्ट्यावर घासायला बसायची. खाली ओला वर्तमानपत्राचा कागद, त्यावर काच, काचेवर चिमूटभर पूड आणि चार थेंब पाणी. वरून लहान काच ठेवायची आणि गोल गोल फिरवायची. आधी आवाज येतो तो दातांना कळ लावणारा, ओल्या वाळूवरून पत्रा ओढावा तसा. हळूहळू तो मऊ होतो. पूड राखाडी चिखलासारखी होते. धुऊन बघायचं, जिथं काच चमकते तिथं घासायची राहिलेली असते. परत चिमूट, परत पाणी.

पहिली काच चार दिवसांत झाली. धुऊन उजेडाला धरली तर मधोमध एक लांब ओरखडा. जाड पुडीचा एक कण फडक्यात राहिला होता आणि बारीक घासताना तो मधे आला होता. दुसऱ्या काचेला मी प्रत्येक पुडीचं फडकं वेगळं केलं. सगळं छान चाललं होतं, तर मधेच मला प्राचार्यांच्या कार्यालयात बोलावणं आलं. परत आले तोवर मधलं पाणी आटून दोन्ही काचा एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. मी सुरीचं टोक घालून उचकटायला गेले. कट्ट असा लहानसा आवाज झाला. पुढं कधी तसं झालं तर मी जोडी तशीच पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायला शिकले, तासाभरानं त्या आपोआप सरकतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं अप्रूप मला अजून आहे.

माझ्या हातून आयुष्यात पोळ्या आणि अर्ज सोडून काही बनलं नव्हतं. घासताना हात कामाला असतो आणि डोकं रिकामं होत जातं. मला शाळेतले फोटोचे दिवस आठवायचे. आबा आमच्या शाळेत वर्गाचा फोटो काढायला यायचे तेव्हा मी खालच्या ओळीत मांडी घालून बसलेली असायची आणि ते काळ्या कापडाखाली गेले की वर्गातली पोरं खुसुखुसु हसायची. मी हसायची नाही. मला माहीत होतं की आत त्यांना आम्ही सगळे उलटे दिसतो आहोत, आणि तरी त्यातली कुणाची वेणी खांद्यावर नीट आलेली नाही हे त्यांना कळतं आहे. कापडातून बाहेर येऊन ते बोट दाखवून सांगायचे, तिसऱ्या ओळीतली दुसरी, वेणी पुढं घे. सगळे चकित व्हायचे.

डिसेंबर लागला तसं कॉलेजात परीक्षांचं काम वाढलं आणि मी काच घरी आणली. दुपारी आबा पडवीत खुर्चीवर बसलेले असतात, डोळे मिटून. ते झोपलेत असं समजून मी मागच्या पायरीवर घासायला बसले. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील.

"सुजा, काय वाटालीस?"

"काही नाही आबा. चटणी."

"चटणीला एवढा वेळ? पाटा झिजला असंल आता."

मी हात थांबवला. ते भिंतीला हात लावत मागं आले आणि पायरीवर माझ्याशेजारी बसले. त्यांनी हात पुढं केला. मी ओली काच त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा तिच्यावरून फिरवला, एकदा लांबीत, एकदा रुंदीत. साडेसहा बाय साडेआठ त्यांच्या हाताला डोळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

"कितवी?"

"तिसरी."

त्यांनी काच परत माझ्या हातात ठेवली. गुऱ्हाळाच्या चुलाणाचा धूर कुठूनतरी येत होता. मग म्हणाले, "घास की. थांबलीस का?"

त्या दिवसापासून ते रोज माझ्याशेजारी बसू लागले. त्यांना काचेवर राहिलेले चमकते ठिपके दिसत नव्हते, पण कान शाबूत होते. मी फिरवत असताना ते मधेच म्हणायचे, "आता पूड मेली बघ. आवाज बसला. नवी घाल." मी धुऊन बघायची तर खरंच पूड संपलेली असायची. मी आवाजाकडे कधी नीट लक्षच दिलं नव्हतं. आई शेंगा निवडत ऐकायची आणि म्हणायची, "बापलेकीनं गुऱ्हाळच घातलंय मागच्या दारात."

तिसरी काच जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली. एकसारखी, दह्यावरच्या सायीसारखी, कुठं चमक नाही, कुठं ओरखडा नाही. चौकटीत बसवताना मी गुळगुळीत अंग आत केलं, खरखरीत बाहेर. बाहेर खरखरीत ठेवलं तर डोळ्यांवर झळ येणार नाही असं मला वाटलं. आबांना न सांगता आईचा एक फोटो काढून बघायचं ठरवलं. एका दवाखान्यात एक्स-रे संगणकावर गेले होते आणि जुन्या फिल्मचा अर्धा डबा पडून होता. तो औषधांसकट मला मिळाला होता. आईला अंगणात बसवलं, काचेवर तिच्या कुंकवाची कड दिसेपर्यंत भिंग सरकवलं, फोटो काढला, धुतला. आईचा चेहरा मऊ आला, आणि तिच्यामागच्या भिंतीवरचा खिळा टोकदार.

मला रडू आलं. आबांना सांगावंच लागलं. त्यांनी एकच विचारलं, "काचेचं खरखरीत अंग कुठल्या बाजूला ठेवलंयस?"

"बाहेर."

"चित्र खरखरीत अंगावर उमटतंय, पोरी. आणि तेच्या जागी फिल्म येणार हाय. दोन्ही एकाच जागी नकोत व्हय? काचेच्या जाडीएवढी चुकलीस तू."

दोन मिलिमीटर. मी काच काढून उलटी केली आणि परत बसवली. घासणं बरोबर होतं, बसवणं चुकलं होतं.

मग मी त्यांना म्हटलं, "आबा, या. बघा."

ते नको म्हणाले. मला काय दिसणार हाय, म्हणाले. मी काळं कापड त्यांच्या खांद्यांवर टाकलं. कॅमेरा शेजारच्या शेवग्याकडे रोखलेला होता. ते कापडाखाली गेले आणि मी बाहेर उभी राहिले. कापड हलत होतं, ते मान इकडून तिकडे नेत होते. नळीएवढ्या नजरेनं एवढी मोठी काच एकदम दिसणं शक्य नव्हतं. मी चुकलेच, असं मला वाटलं. हे त्यांना दाखवायला नको होतं.

मग कापडातून हात बाहेर आला. "भिंग दे. बारकं."

फोटोग्राफर काचेवर टेकवून रेखीवपणा तपासतात ते लहान भिंग त्यांच्या जुन्या डब्यात होतं. मी ते हातात ठेवलं. मग पितळी चाक हळूच फिरल्याचा आवाज आला. थोडं पुढं, थोडं मागं, परत अगदी थोडं पुढं.

"पान दिसतंय," ते आतून म्हणाले. "देठ दिसतोय. देठावर मुंगी हाय सुजा, उलटी चाललीया."

मी शेवग्याकडे बघितलं. मला इथून मुंगी दिसत नव्हती.

बारक्या भिंगातून बघायला नळीएवढीच नजर लागते, हे मला तेव्हा उमगलं. आबांकडे नेमकी तेवढीच उरली होती. सगळी चौकट बघायचं काम दुसऱ्या कुणी करायचं, ते मी करू शकत होते. ते कापडातून बाहेर आले तेव्हा केस विस्कटलेले होते. त्यांनी काळ्या कापडाच्या टोकानं चेहरा पुसला आणि विचारलं, "सदाचं गुऱ्हाळ चालू हाय का अजून?"

सदामामा हे गुळव्या. गूळ करायच्या कामातला मुख्य माणूस, काहिलीत उकळणारा रस कधी उतरवायचा हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो. आबा आणि ते एका वर्गातले. आबा पूर्वी दर हंगामाच्या शेवटी त्यांच्या गुऱ्हाळातल्या सगळ्यांचा फोटो काढायचे. मालक, ऊस तोडणारे, चुलीत चिपाडं घालणारा, बैलसुद्धा. आमच्याकडे त्या फोटोंची एक पेटी आहे आणि त्यातल्या एकाही फोटोत सदामामा नाहीत. दर वेळी सगळे रांगेत उभे राहायचे आणि नेमका त्याच वेळी रस उतरायला यायचा. मामा म्हणायचे, काढा तुमी, मला काहील सोडता येत न्हाई. त्या वर्षी मालकांनी ठरवलं होतं की हा शेवटचा हंगाम. पुढच्या वर्षी ऊस सगळा कारखान्याला जाणार.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी कॅमेरा आणि आबांना रिक्षात घालून गुऱ्हाळावर नेलं. आबा म्हणाले, "या वेळेला तेला बाहेर बोलवायचं न्हाई. आपण आत जायचं."

आत पत्र्याखाली अंधार, वाफ आणि ऊब. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या वाफेत तिरप्या उतरल्या होत्या. सदामामा काहिलीच्या काठाशी लांब दांड्याचा झारा धरून उभे होते. आबांना बघून म्हणाले, "तुझं डोळं गेलं म्हणत हुते लोक."

"थोडं हाईत अजून. तुझ्यापुरतं."

मी कापडाखाली जाऊन चौकट बघितली. मी बनवलेल्या काचेवर अख्खं गुऱ्हाळ उलटं लटकलं होतं. वाफ खाली चालली होती, काहील वर होती, मामा छतातून डोकावल्यासारखे. कडेपर्यंत उजेड होता. मी कॅमेरा हातभर डावीकडे घेतला, खाली आणला, झारा पूर्ण मावेल असा केला. मग बाजूला झाले आणि आबा आत गेले. त्यांनी बारकं भिंग काचेवर मामांच्या हाताच्या जागी टेकवलं. ती जागा मी त्यांचं बोट धरून दाखवली. चाक फिरलं.

पत्र्याखाली उजेड कमी, म्हणून टोपी चार आकडे उघडी ठेवावी लागणार होती. आबांनी सांगितलं, "सदा, चार मोजंपर्यंत हलू नकोस." मामा काठीसारखे ताठ झाले आणि कॅमेऱ्याकडे बघू लागले. तीनला चुलीवरच्या माणसानं हाक मारली आणि त्यांनी मान फिरवली. एक फिल्म गेली. पेट्यांत भरून आणलेल्या दोनच होत्या.

मी मामांकडे बघत राहिले. ते परत रसाकडे वळले होते. बुडबुडे लहान होऊ लागले की रस उतरायला येतो म्हणतात. ते बुडबुडे बघताना मामा वाकून उभे होते आणि त्यांच्या अंगातलं काहीच हलत नव्हतं, पापणीसुद्धा. मी मनात मोजलं. सहापर्यंत गेले.

"आबा, त्यांना काही सांगू नका," मी कानाशी म्हटलं. "ते आपणहून थांबतात."

आबांनी टोपीवर हात ठेवला. मी मामांवर नजर ठेवली आणि ते वाकून स्थिर झाले तसा आबांच्या खांद्याला हात लावला. टोपी निघाली. एक, दोन, तीन, चार. टोपी लागली. मामा सरळ झाले आणि ओरडले, "उतरा." चार माणसं काहिलीला लागली. फोटो निघाल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोरीची खिडकी घोंगडीनं झाकून लाल दिवा लावला. लाल उजेडात आबांना काहीच दिसत नाही. ते बाहेर दाराशी पाट टाकून बसले आणि मिनिटं मोजू लागले. एक्स-रेच्या फिल्मवर बोटाचासुद्धा ओरखडा उठतो, म्हणून मी श्वास धरून ती तबकात हलवत होते. आधी पांढऱ्यावर काळ्या तिरप्या रेघा आल्या, त्या उन्हाच्या पट्ट्या. मग झाऱ्याचा दांडा. मग हात.

"काय आलं?" बाहेरून प्रश्न.

"हात आलाय आबा."

"नखं?"

मी तबकावर वाकले. "पाचही."

बाहेर ते मिनिटं मोजायची विसरले, ती मग आईनं मोजली.

फोटो कागदावर उतरवून रशीदभाईंनी चौकटीत घातला आणि तो घेऊन आम्ही सदामामांच्या घरी गेलो. मामा दारातल्या उजेडात उभे राहून बघत राहिले. आधी म्हणाले, "मी एवढा म्हातारा झालो व्हय." मग सुनेला हाक मारली, नातवंडांना मारली. सगळे जमल्यावर त्यांनी फोटोतल्या आपल्या हातावर बोट ठेवलं. "हे बघा. हितं मी बुडबुडं बघालोय. ह्या टायमाला मी कुणाशी बोलत न्हाई. माझ्या बापानं मला ह्या हातानं शिकवलं, आणि तुमी कुणी शिकला न्हाईसा. निदान बघा तरी."

नातवंडं बघत राहिली. आबांना त्यांचे चेहरे दिसले नसतील. मला दिसले तितके मी त्यांना सांगितले.

त्यानंतर मी उरलेल्या तीन काचाही घासल्या. हात बसला तसा दिवसांचा हिशेब कमी झाला. चौथी जास्तच बारीक घासली गेली आणि तिच्यावर उजेड मधे गोळा व्हायचा, पाचवी चांगली झाली, सहावी सगळ्यात चांगली. आबांच्या कॅमेऱ्यावर आता सहावी आहे. वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे फोटो परत सुरू झालेत. ज्यांच्या आजोबांना आबांनी पाटावर बसवलं होतं ती नातवंडं आता स्वतः आजोबा होऊन पाटावर बसतात. मी चौकट बघते, आबा भिंग लावतात. पूर्वी मी आबांचं नाव निघालं की ताठ बसायची. आता कॅमेऱ्याजवळ उभी असताना बसायला वेळच नसतो, पण पाठ ताठच असते हे आईनं मला सांगितलं.

यंदाही सदामामांचं गुऱ्हाळ लागलं नाही. वळणावरचा वास पलीकडच्या दुसऱ्याच कुणाच्या चुलाणातून येतो. मामा संध्याकाळी आबांकडे येऊन बसतात आणि त्या वासावरून गूळ कसा उतरणार ते सांगतात. बहुतेक वेळा म्हणतात, घाई केली त्यांनी.

गेल्या रविवारी दुपारी मी मागच्या पायरीवर कपडे धूत होते. आबांचा फोन वाजला. त्यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला, तसाच ठेवतात. लांबच्या शहरातून कुणी फोटोग्राफर बोलत होते. त्यांच्याकडेही असाच लाकडी कॅमेरा होता, काच फुटलेली. आबांच्या कॅमेऱ्यावरची काच त्यांनी कुणाच्या तरी फोटोत बघितली होती. ते म्हणाले, "आपल्यासारखे जुने कारागीर आता राहिले नाहीत. अशीच एक काच आम्हाला करून द्याल का?"

आबा म्हणाले, "पावणं, ती काच मी न्हाई केली. माझ्या लेकीनं केलीया."

"हो का. म्हणजे तुम्ही शिकवलंत त्यांना."

"न्हाई हो. मला येतच न्हवती."

त्यांनी फोन माझ्या आवाजाच्या दिशेनं पुढं धरला. मी साबणाचे हात पदराला पुसले, फोन घेतला आणि विचारलं, "माप काय आहे?"